खिशातली शेगडी

थंडीच्या दिवसांत शेकोटी पेटवून तिच्याभोवती गोल करून बसणे ही आपल्या खेड्यापाड्यांतली जुनी रीत आहे. दिवेलागणीनंतर पाराजवळ नाही तर खळ्यावर चार काटक्या, थोडा पालापाचोळा आणि एखादे वाळके खोड एवढ्यावर गावची बैठक जमते. पण शेकोटीच्या दोन खोडी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. एक म्हणजे ती पुढून भाजते आणि पाठ मात्र काकडतच राहते. दुसरी खोड अशी की ती बसलेल्या माणसाची सोबती. उठून चालू लागलेल्या माणसाबरोबर ती येत नाही.

आणि खरी ऊब हवी असते ती उठून चालू लागलेल्या माणसालाच. रात्रीच्या पाळीला वीज येते तेव्हा गव्हाला किंवा हरभऱ्याला दारे धरायला जाणारा शेतकरी घ्या. पाय गार चिखलात, हातात फावडे आणि अंगावर झोंबणारा वारा. पहाटे धारा काढून दूध घालायला निघालेला गवळी घ्या, तांबडे फुटायच्या आत कोयता हातात घेणारे ऊसतोडीचे जोडपे घ्या. निफाडसारख्या भागात किमान तापमान कधीकधी ५ अंशांच्या खाली उतरते, आणि नेमके त्याच वेळी द्राक्षबागेत जागरण करावे लागते. आपल्या घराघरांतून सैन्यात गेलेली मुले तर हिमालयाच्या ज्या ठाण्यांवर उभी असतात तिथली थंडी आपल्या कल्पनेत मावायची नाही.

तेव्हा प्रश्न असा की, विस्तव बरोबर नेता येईल काय? खिशात घालता येईल, विझला की पुन्हा भरता येईल, आणि अंगाला चटका न लावता तासन्‌तास पुरेल, अशी शेगडी करता येईल काय? माणसाने ती केलेली आहे, आणि एका नव्हे, निरनिराळ्या तऱ्हांनी केलेली आहे. तिची हकिगत समजून घेताना थोडे रसायनशास्त्र आपोआप कळते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, हिवाळ्यात घरात ठेवलेल्या शेगडीपासून जिवाला धोका का होतो तेही कळते.

पण आधी आपल्या शरीराकडे पाहू. आपले शरीर ही एक चालती शेगडीच आहे. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाच्या अंगातून सुमारे ८० ते १०० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. पूर्वीचा १०० वॅटचा काचेचा दिवा हाताला किती गरम लागे ते आठवा, म्हणजे अंदाज येईल. ह्या उष्णतेवर शरीर आपल्या आतल्या भागाचे तापमान ३७ अंशांच्या आसपास सांभाळते. बाहेर गारठा वाढला की शरीर काटकसर करू लागते. हृदय, मेंदू, फुप्फुसे हे घरातले कर्ते. त्यांची ऊब कमी होऊन चालत नाही. म्हणून हातापायांच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तिकडे जाणारे गरम रक्त कमी होते. बोटे बारीक, त्यांवर मांस थोडे आणि वारा लागणारा पृष्ठभाग मात्र मोठा. त्यामुळे ती सर्वांच्या आधी गारठतात. बोटांच्या कातडीचे तापमान १५ अंशांच्या आसपास आले की ती नीट वळत नाहीत. दोरीची गाठ सुटत नाही, कोयता घट्ट धरता येत नाही, पंपाची कळ दाबली की नाही तेही कळत नाही. काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही गैरसोय नव्हे, अपघाताला निमंत्रण आहे.

ह्यातून एक साधा नियम निघतो. नुसते हात शेकून हात गरम राहत नाहीत. छाती, पोट, डोके ही नीट झाकली, घोंगडी-कानटोपी जवळ असली, अंगावरचे कापड कोरडे असले, तर शरीर स्वतःच हाताकडे रक्त पाठवते. खिशातली शेगडी ही ह्यावरची भर आहे. घोंगडीच्या ऐवजी नव्हे.

आता विस्तव बरोबर नेण्याची सर्वांत प्रसिद्ध आपली भारतीय तऱ्हा पाहू. ती काश्मीरची. २१ डिसेंबरच्या सुमारास तिथे चाळीस दिवसांची कडक थंडी सुरू होते. तिला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्या दिवसांत काश्मिरी माणूस फिरन नावाचा पायघोळ सैल झगा घालतो आणि झग्याच्या आत कांगडी धरतो. कांगडी म्हणजे साधारण वीतभर रुंदीचे मातीचे गोल भांडे, त्याभोवती विणलेली काटक्यांची टोपली आणि हातात धरायला कडी. चरार-ए-शरीफ हे गाव तिथल्या सुबक कांगड्यांसाठी नावाजलेले आहे. भांड्यात कोळसा किंवा चिनारच्या पानांची कोळशी भरतात, वर थोडे निखारे ठेवतात आणि राख पसरतात. पाव किलोच्या आसपास कोळसा पाच-सहा तास पुरतो. ऊब कमी झाली की लहानशा पळीने राख जरा हलवायची, की आतला निखारा पुन्हा फुलतो.

ह्यात सगळी करामत राखेची आहे. आपल्या आयाबायांना ती कुणी शिकवावी लागली नाही. काडेपेटी जपून वापरायच्या काळात रात्री चूल आवरताना निखाऱ्यांवर राख लोटून ठेवीत, आणि सकाळी राख बाजूला केली की विस्तव जिवंत मिळे. नाही मिळाला तर शेजारणीकडे विस्तव मागायला जावे लागे. राख हे निखाऱ्याचे पांघरूण आहे. ती हवा पूर्ण बंद करीत नाही, पण बेताबेताने आत सोडते. हवा कमी मिळाल्यामुळे कोळसा भडकत नाही, सावकाश जळतो. जळणारी वस्तू तीच, तिच्यातली एकूण उष्णताही साधारण तेवढीच. मात्र ती एका तासात उधळायची की सहा तासांत वाटून द्यायची हे हवा ठरविते. खिशातल्या शेगडीचे सारे शास्त्र ह्या एका वाक्यात आहे.

जपानी लोकांनी हीच गोष्ट आणखी लहान केली. आधी ते गरम केलेला दगड कापडात गुंडाळून उराशी धरीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी धातूची भोके पाडलेली डबी वापरायला सुरुवात केली. तिच्यात धुमसत राहणारी वनस्पतींची राख-कोळशी भरीत. ह्या डबीला ते ‘काइरो’ म्हणतात. शब्दाचा अर्थ मोठा गोड आहे: उराशी धरायची शेगडी. कोळशाच्या भुकटीची कांडी करून अस्तर लावलेल्या डबीत ठेवायची, हा प्रकार मासेमारी आणि शिकार करणाऱ्यांत पुढेही चालू राहिला. कांडी संपली की दुसरी घालायची.

पण कोळशाच्या दोन अडचणी राहतातच. राख सांडते, आणि धुमसणाऱ्या कोळशातून विषारी वायू निघतो. ह्या वायूविषयी पुढे सविस्तर बोलायचे आहे. ह्या अडचणींवर १९२३ साली जपानच्या मातोबा निइचि ह्या गृहस्थांनी एक निराळाच तोडगा काढला. त्यांच्या डबीचे नाव ‘हाक्किन काइरो’. हाक्किन म्हणजे प्लॅटिनम. ओसाका शहरातली त्यांची कंपनी ही डबी आजही बनविते, आणि त्याच तत्त्वावरच्या डब्या इतर देशांतल्या कंपन्याही बनवितात.

ही डबी दिसायला तपकिरीच्या जुन्या डबीसारखी, चपटी आणि चकचकीत. आत कापूस ठासून भरलेला असतो. कापसावर मोजून शुद्ध नॅप्था ओततात, म्हणजे पेट्रोलचाच एक स्वच्छ, हलका प्रकार. सिगारेट-लायटरमध्ये भरतात तो. तोंडाशी एक लहान जाळीदार टोपण असते. त्यात काचेच्या तंतूंची गादी असून तिच्यावर प्लॅटिनमचे अत्यंत सूक्ष्म कण बसविलेले असतात. सुरुवातीला काडीची ज्योत काही सेकंद टोपणाजवळ धरायची, ते तापले की काडी विझवायची, वरून भोके असलेले झाकण लावायचे आणि डबी कापडी पिशवीत घालून खिशात ठेवायची. आत ज्योत नसते, ठिणगी नसते, धूर नसतो. तरी डबी गरम होत जाते आणि गरमच राहते.

ज्योत नाही तर उष्णता कुठून येते? इथे आपल्याला शंभर वर्षे आणखी मागे जावे लागेल. इंग्लंडातले हम्फ्री डेव्ही खाणकामगारांसाठी सुरक्षित दिव्याचे प्रयोग करीत होते. १८१७ साली त्यांना दिसले की, जळाऊ वायू आणि हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची गरम तार धरली तर ज्योत नसतानाही तार लालभडक राहते. १८२३ साली जर्मनीतल्या येना येथे डोबेरायनर यांनी हायड्रोजनचा झोत प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर सोडला, आणि काडी न लावता तो पेटला. १८३५ साली स्वीडनचे बर्झेलियस यांनी अशा क्रियांना एक नाव दिले. त्यालाच आपण आज ‘उत्प्रेरण’ म्हणतो आणि प्लॅटिनमसारख्या पदार्थाला ‘उत्प्रेरक’ म्हणतो.

उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळविणारा मध्यस्थ समजा. नॅप्थाची वाफ ही एक बाजू आणि हवेतला प्राणवायू ही दुसरी. दोघांचे जमायला एरवी ज्योतीएवढी आच लागते. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर दोघे येऊन टेकतात आणि तिथे त्यांचे पुष्कळ कमी तापमानावरच जमते. लग्न लागते, उष्णता सुटते, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात. मध्यस्थ मात्र होता तसाच राहतो आणि पुढचे लग्न लावायला मोकळा होतो. म्हणून टोपण पुष्कळ दिवस चालते. संपतो तो फक्त नॅप्था. डबीच्या झाकणाची भोके कांगडीतल्या राखेचे काम करतात. हवा बेताने आत येते, म्हणून सारे सावकाश चालते. झाकण काढून टोपण उचलले की क्रिया थांबते.

आता थोडे गणित करू. शिक्षकांनी ते फळ्यावर मांडायला हरकत नाही. मोठ्या डबीत २५ मिलिलिटर नॅप्था मावतो आणि तो सुमारे २४ तास पुरतो. एवढ्या नॅप्थाचे वजन साधारण साडेसतरा ग्रॅम. दर ग्रॅमला सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता धरली तर एकूण उष्णता ७७० किलोज्यूल झाली. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की उत्तर येते सुमारे ९ वॅट. म्हणजे शरीराच्या स्वतःच्या उष्णतेच्या एक-दशांश. उष्णता थोडी, पण ती नेमक्या जागी आणि रात्रभर मिळते, म्हणून ती मोलाची.

हल्ली विजेवर भारित होणाऱ्या डब्याही मिळतात. मोबाइलसारखी बॅटरी आत, आणि कळ दाबली की गरम. त्यात जळण नाही, वायू नाही, आणि घरात वापरायला त्या निर्धोक. पण हिशेब करून पाहा. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे साडेअठरा वॅट-तास ऊर्जा असते. वरच्या नॅप्थात ती २१० वॅट-तासांच्या पुढे जाते, म्हणजे बॅटरीच्या जवळजवळ बारापट. त्यामुळे विजेची डबी चार-पाच तासांत थंड पडते. जिथे रोज वीज मिळते तिथे ती बरी. दूरच्या ठाण्यावर किंवा डोंगरात नॅप्थाची डबी उजवी ठरते.

आणखी दोन प्रकार सांगितले पाहिजेत, कारण ते शाळेत करून दाखविता येतात. पहिला प्रकार लोखंडाच्या भुकटीचा. भुकटी, मीठ, पाणी आणि कोळशाची पूड यांची पुडी हवेला उघडी केली की लोखंड गंजू लागते आणि गंजताना उष्णता सुटते. अशा पुड्या जपानात १९७८ पासून ‘होकारोन’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि जगभर पसरल्या. त्या पुन्हा भरता येत नाहीत; लोखंड गंजले की काम संपले. पण तत्त्व पाहण्यासारखे आहे. वर्गात लाकूड घासण्याची बारीक लोखंडी लोकर घ्या. न गंजणाऱ्या पोलादाची घासणी नको. ती मिनिटभर व्हिनेगरमध्ये बुडवून पिळा, उष्णतामापकाच्या टोकाभोवती गुंडाळा आणि बरणीत ठेवून झाकण लावा. पाच-दहा मिनिटांत पारा काही अंश वर चढलेला मुलांना दिसेल. फाटकावरचा गंज म्हणजे देखील एक फार मंद आग आहे हे त्यांना मग सांगून पटवावे लागत नाही.

दुसऱ्या प्रकारात काहीच जळत नाही. सोडियम ॲसिटेट हे मीठ ५८ अंशांना वितळते. वितळल्यावर ते सावकाश थंड केले तर पुष्कळदा द्रवच राहते, जणू गोठायचे विसरते. त्याला एक धक्का दिला किंवा त्यात एक खडा टाकला की ते क्षणात गोठू लागते आणि वितळताना घेतलेली उष्णता परत देते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही रेल्वेगाड्यांत प्रवाशांच्या पायांखाली अशा मिठाचे डबे ठेवीत. आज ह्याच्या लवचिक पिशव्या मिळतात. आत धातूची एक लहान चकती असते; ती वाकवली की पिशवी गरम होते. थंड पडल्यावर उकळत्या पाण्यात ठेवली की ती पुन्हा कामाला तयार. ऊब तासाभराची, फार तर थोडी अधिक. शाळेत छायाचित्रकारांच्या ‘हायपो’वर हाच प्रयोग स्वस्तात होतो. हायपो ४८ अंशांच्या आसपास वितळतो. स्वच्छ परीक्षानळीत वितळवून न हलवता थंड करा, मग त्यात हायपोचा एक बारीक खडा टाका आणि नळी मुलांच्या हातात द्या. नळीतले स्फटिक डोळ्यांदेखत वाढतात आणि नळी हाताला गरम लागते.

एवढे समजल्यावर वापरण्याचे नियम कळायला अवघड नाहीत.

नॅप्था भरायचा तो उघड्यावर, जवळपास विडी, चूल, दिवा नसताना. मोजापेक्षा अधिक ओतू नये आणि बाहेर सांडलेला पुसून, उडून गेल्यावरच काडी लावावी. गाडीचे पेट्रोल त्यात कधीही घालू नये. त्यातल्या मिसळींनी प्लॅटिनमचा थर निकामी होतो, वाफही अधिक सुटते आणि ती हानिकारक असते. रॉकेलची वाफ पुरेशी होत नाही, म्हणून तेही चालत नाही. डबी अंगाजवळच्या खिशात ठेवावी. फार गार जागी उघडी ठेवली तर नॅप्थाची वाफ कमी होऊन ती मंदावते. आणि तळहातात सतत धरण्यापेक्षा सदऱ्यावरून, कोपरीच्या खिशात पोटाशी ठेवणे चांगले. मधूनमधून हात तिथे नेले की पुरते.

दुसरा नियम कातडीचा. पिशवीत घातलेल्या डबीचे अंगही सुमारे ६० अंशांपर्यंत तापते. उकळत्या पाण्याने भाजते हे लहान मुलालाही ठाऊक आहे. पण सोसवेल अशा ऊबेनेही भाजते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मोरिट्झ आणि हेन्रिक्स ह्या दोन संशोधकांनी १९४७ साली दाखवून दिले की, ४४ अंशांचा स्पर्श सुमारे सहा तास एकाच जागी राहिला तर कातडी जळते. ४४ अंश म्हणजे हाताला नुसते सुखकर वाटणारे गरम. म्हणून कुठलीही गरम डबी, पिशवी किंवा बाटली उघड्या कातडीला लावून झोपू नये. मधुमेहामुळे ज्यांचे पाय बधिर झाले आहेत, ज्यांना लकवा झाला आहे, जे मद्याच्या अमलाखाली आहेत, त्यांना चटका कळतच नाही. त्यांच्या बाबतीत घरच्यांनी लक्ष ठेवावे. काश्मिरात वर्षानुवर्षे पोटाशी आणि मांड्यांशी कांगडी धरणाऱ्यांच्या कातडीवर आधी जाळीदार काळसर डाग पडतात, आणि पुढे काहींना तिथेच कर्करोग होतो. एल्म्सली नावाच्या डॉक्टरांनी १८६६ साली ही गोष्ट लिहून ठेवली, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत ‘कांगडी कॅन्सर’ हे नाव कायमचे रूढ झाले.

तिसरा नियम हवेचा, आणि तो जिवाचा आहे. सावकाश जळणे म्हणजे हवेची काटकसर करीत जळणे, हे आपण पाहिले. पण कोळशाला हवा कमी पडली की तो पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. ह्या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना तो झोंबत नाही. आपल्या रक्तातला तांबडा पदार्थ प्राणवायू वाहून नेतो. पण हा वायू त्याला प्राणवायूच्या मानाने दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो आणि शरीर मात्र प्राणवायूवाचून गुदमरत असते. धूर दिसला तर माणूस दार उघडतो. फुललेल्या लाल निखाऱ्याला धूर नसतो, म्हणूनच तो फसवतो. ‘धूर गेला, आता शेगडी आत घ्या’ असे आपण म्हणतो, ते नेमके धोक्याच्या वेळी.

उघड्या रानात शेकोटीचा हा वायू वाऱ्यावर उडून जातो. बंद खोलीत तो साठतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात खोलीत अंगीठी ठेवून, दारे-खिडक्या लावून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या येतात. आपल्याकडेही शेतावरची खोपटी, ऊसतोडीच्या ताडपत्रीच्या झोपड्या, पहारेकऱ्यांच्या चौक्या इथे हाच प्रसंग येऊ शकतो. नॅप्थाच्या डबीतून हा वायू कोळशाच्या मानाने फारच थोडा निघतो, पण तीही हवा खाते आणि तिच्यातून थोडी वाफ सुटते. खिशातली डबी ही मोकळ्या हवेतली वस्तू आहे. बंद तंबूत, बंद गाडीत किंवा गोधडीखाली ती घेऊन झोपू नये.

आता आपल्या घरातल्या एका जागेचे नाव घेतलेच पाहिजे. ती म्हणजे बाळंतिणीची खोली. बाजेखाली शेगडी ठेवणे, शेक देणे, ओव्याची धुरी घालणे, आणि ‘वारा लागेल’ म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबणे, हे पुष्कळ घरांत मायेपोटी चालत आले आहे. माया खरी आहे. बाळ-बाळंतिणीला ऊब हवी हेही खरे आहे. पण वर सांगितलेले सारे ताडून पाहा. धुमसता कोळसा, बंद खोली, अशक्त आई आणि दिवसांचे बाळ. ह्याहून धोक्याचा मेळ नाही. आईला डोके जड वाटले, मळमळले, झापड आली, तर ते ‘बाळंतपणाचे’ म्हणून सोडून दिले जाते. बाळाला तर सांगताही येत नाही.

ऊब देण्याच्या निर्धोक वाटा आहेत. विटा किंवा मिठाची पुरचुंडी बाहेर चुलीवर तापवून आणावी, कापडात नीट गुंडाळावी आणि आईच्या अंथरुणात ठेवून ते गरम करून घ्यावे. विस्तव खोलीत आणू नये. शेक द्यायचाच तर दार आणि वरची खिडकी उघडी असावी, आणि शेक झाल्याबरोबर शेगडी अंगणात न्यावी. झोपताना ती खोलीत असूच नये. बाळाजवळ गरम बाटली किंवा पिशवी अजिबात ठेवू नये, त्याची कातडी फार नाजूक असते. बाळाला ऊब देण्याची सर्वांत चांगली रीत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, डॉक्टर एडगर रे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. कमी वजनाच्या बाळांना पुरेशा पेट्या नव्हत्या, म्हणून बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायचे आणि वरून पांघरूण घालायचे, असे त्यांनी ठरविले. आज जागतिक आरोग्य संघटना हीच रीत सांगते. आईचे अंग ३७ अंशांचे. ना अधिक, ना उणे. त्याला ना कोळसा लागतो ना नॅप्था. आई दमली तर बापाने बाळ छातीशी घ्यावे.

शेवटी लक्षणे पाठ करून ठेवा. शेगडीच्या खोलीत डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायांत बळ नसणे, झापड येणे, आणि विशेषतः घरातल्या दोघा-तिघांना एकदमच असे होणे, ही त्या वायूची खूण समजावी. सर्दी-तापाची वाट पाहू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसांना उचलून मोकळ्या हवेत आणावे, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना ‘खोलीत शेगडी होती’ हे पहिल्या वाक्यात सांगावे, म्हणजे प्राणवायू लगेच सुरू होईल. शिक्षकांना एवढीच विनंती आहे की, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की हायपोचा प्रयोग एका तासाला करावा आणि दुसऱ्या तासाला ही लक्षणे मुलांकडून वहीत लिहून घ्यावीत. ती वही घरी जाईल, आणि रात्री शेगडी आत घेण्याच्या वेळी कुणीतरी ती उघडून दाखवील.